धार्मिक भावना दुखावणे (सोलापूर)

धार्मिक भावना दुखावणे : कुणाच्या बोलण्याने, लिहिण्याने, चित्राने किंवा नाटकाने दुसऱ्याच्या श्रद्धेला ठेच लागणे आणि त्याची दाद पोलीस ठाण्यात, कोर्टात किंवा रस्त्यावर मागितली जाणे. अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि धर्मश्रद्धा यांच्यातला हा ताण देशभर आहे. सोलापुरात त्याला काही खास कंगोरे आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा इथे एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाईपर्यंत कानावर पडतात. लिंगायत, पद्मशाली, मुस्लीम, मराठा, दलित, जैन, मारवाडी अशी वस्ती भिंतीला भिंत लावून आहे. पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट ही श्रद्धेची मोठी ठिकाणेही याच जिल्ह्यातली. इथे समोरासमोर बोललेल्या कडू शब्दांवरून वाद झाले, दगडही उचलले गेले, पण अलीकडच्या काळातली मोठी दंगल पेटली ती या शहरात कुणीही न उच्चारलेल्या वाक्यावरून.

तळ्याकाठची कथा : सोन्नलिगे हे सोलापूरचे जुने नाव. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर इथे तळे खोदवून घेत होते. लिंगायत परंपरेतील कथा सांगते, की अल्लमप्रभू हे फिरस्ते संत फिरत फिरत त्या कामावर आले आणि त्यांनी विचारले, तो वड्डर सिद्धराम कुठे आहे? वड्डर म्हणजे दगडमातीची कामे करणारा. आपल्या गुरूला असे संबोधलेले ऐकून खोदकामावरची माणसे खवळली आणि त्यांनी अल्लमप्रभूंवर दगडांचा मारा केला. कष्टकऱ्यांच्या जातीचे नाव अपमान म्हणून घेतले जावे आणि तसेच ऐकले जावे, हे आज वाचताना खटकते, आणि खटकलेच पाहिजे. कथेत पुढे सिद्धराम येतात. त्यांनाही आधी रागच येतो. मग दोघे बोलू लागतात. तळी खोदून आणि देवळे बांधून माणूस आतून किती पुढे जातो, हा अल्लमप्रभूंचा प्रश्न होता. सिद्धरामांनी तो ऐकून घेतला आणि ते अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, मेळ्यात गेले.

भक्तांनी दगड मारले, ज्याचा अपमान झाला त्याने मात्र प्रश्न विचारात घेतला, हा या कथेचा गाभा. भावना दुखावल्याची सोलापुरातली ही बहुधा सर्वांत जुनी गोष्ट असावी. ते तळे आजही शहराच्या मधोमध आहे, मधल्या बेटावर सिद्धेश्वराचे मंदिर आहे, आणि दर संक्रांतीला सात नंदीध्वजांची मिरवणूक सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळ्यासाठी जाते. ज्या गावाचे ग्रामदैवत सिद्धराम स्वतः वचने, म्हणजे कन्नड भक्तिकाव्य, रचणारा कवी आहे, त्या गावाला शब्दाचे मोल बाहेरून शिकवावे लागू नये.

पंढरपूर आणि मंगळवेढा : देवाला जाब विचारण्याची परंपरा याच जिल्ह्यात वाढली. मंगळवेढ्याच्या चोखोबांनी आपल्या अभंगांत विठ्ठलालाच सवाल केले. जिवंतपणी त्यांना मंदिरात पाऊल टाकता आले नाही. त्यांची समाधी आज महाद्वारापाशी आहे. वारकरी कीर्तनात देवाला बोल लावणे, त्याच्याशी भांडणे, त्याला निष्ठुर म्हणणे हे रोजचे आहे, त्यात कुणाची भावना दुखावत नाही. ते बोलणे घरातले असते.

घराबाहेर ठेवलेल्यांनी आत येण्याचा हक्क मागितला, तेव्हा मात्र श्रद्धा दुखावली. १९४७ मध्ये साने गुरुजींनी अस्पृश्यांसाठी विठ्ठल मंदिर खुले व्हावे म्हणून आधी महाराष्ट्रभर सभा घेतल्या आणि मग १ मेपासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले. त्या वेळी सनातनी मंडळींचा आक्षेपही हाच होता, की आमच्या धर्मभावनेला धक्का बसतो. तो आक्षेप खोटा नव्हता, त्यांना खरोखरच धक्का बसत होता. पण कुणाला वेदना झाली, एवढ्यावरून न्याय कुणाच्या बाजूला आहे हे ठरत नाही. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले. भावना दुखावणे या विषयावर विचार करताना पंढरपूरचे हे दहा दिवस विसरून चालत नाही, कारण त्या दिवसांत दुखावलेली बाजू बळकट होती आणि बोलणारी बाजू उपाशी होती.

पुढे संत तुकारामांवरील कादंबरीतल्या वर्णनांना वारकऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा लेखक आनंद यादव यांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेण्यात आली आणि २००९ मध्ये महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी सोडले. वारकऱ्यांचा राग समजण्यासारखा होता. ज्याचे अभंग आजीच्या तोंडून पाठ झाले, त्याच्या आयुष्यात कल्पनेने भर घातलेली अनेकांना सोसत नाही. तरीही, ज्या संप्रदायाने वाद आणि संवादाची एवढी मोठी शाळा चालवली, त्याने कादंबरीला कीर्तनातून, लेखातून, सभेतून उत्तर द्यायला हवे होते. संमेलनाध्यक्ष घालवून ते उत्तर दिले गेले नाही. कन्नड मुलखातही वचनसाहित्याचे संशोधक म. म. कलबुर्गी यांना लेखनावरून धार्मिक दबाव सोसावा लागला. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडमध्ये त्यांची हत्या झाली. सिद्धरामांची वचने वाचणाऱ्या सोलापूरकरांना ती बातमी लांबची नव्हती.

ऑक्टोबर २००२ : ६ ऑक्टोबर २००२ रोजी अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात जेरी फॉलवेल या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने प्रेषित मुहंमद यांच्याविषयी अत्यंत अवमानकारक उद्गार काढले. त्याच आठवड्यात निषेध म्हणून सोलापुरात बंद पुकारला गेला. दुकाने बंद करण्यावरून वाद झाला, वादातून दगडफेक, दगडफेकीतून दंगल. संचारबंदी लागली. माणसे मेली. फॉलवेल यांनी काही दिवसांतच दिलगिरी व्यक्त केली, पण तोवर सोलापुरात अंत्ययात्रा निघाल्या होत्या.

बोलणारा हजारो मैल दूर होता. ना तो सोलापूरला ओळखत होता, ना सोलापूरकर त्याला. ज्यांचे दुकान फुटले त्यांनी ते वाक्य उच्चारले नव्हते, बहुतेकांनी ते ऐकलेलेही नसणार. दुखावलेले मन खरे होते, निषेधाचा हक्कही खरा होता. फक्त तो निषेध ज्याच्यापर्यंत पोचायला हवा त्याच्यापर्यंत पोचू शकत नव्हता, म्हणून शेजारच्या शटरवर येऊन आदळला. अशा वेळी समोरच्या जमावाला आपल्या धर्माचा अपमान नाही, आपल्या धंद्यावरची जबरदस्ती दिसते, आणि मग भांडणाचा मूळ विषयच हरवतो.

सोलापुरात बंदची सकाळ पोटावर येते. यंत्रमागाच्या कारखान्यांची खटखट थांबली, की कामगारांच्या गल्ल्यांत विचित्र शांतता पसरते. माग चालला तर मजुरी, नाही तर नाही. विडी वळणाऱ्या बाईचे त्याहून अवघड. रात्री उशिरापर्यंत वळलेल्या विड्यांचे कट्टे सुपात तसेच राहतात. ब्रँच, म्हणजे विड्या जमा करून घेणारे कारखान्याचे केंद्र, उघडली नाही तर माल जमा होत नाही, मजुरी मांडली जात नाही, आणि दुसऱ्या दिवसासाठी पान-तंबाखूही मिळत नाही. या बायकांत तेलुगू बोलणाऱ्या आहेत, उर्दू बोलणाऱ्या आहेत. ब्रँचसमोरच्या रांगेत त्या एकामागे एक उभ्या असतात. कुणाच्या श्रद्धेचा मान राखण्यासाठी पुकारलेल्या बंदचे पहिले बिल त्यांच्या नावावर फाटते.

बंद पुकारून लोकांना घरात बसवणे हा अभिव्यक्तीचा भाग आहे का, हा प्रश्न न्यायालयांपुढे आला होता. केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सक्तीचे बंद घटनाबाह्य ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निकाल कायम केला. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये, आदल्या वर्षीच्या मुंबई बंदबद्दल शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले.

कायदा : घटनेचे कलम १९(१)(अ) बोलण्याचे स्वातंत्र्य देते आणि १९(२) त्यावर सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी इत्यादी कारणांसाठी वाजवी बंधने घालू देते. धार्मिक भावना हा शब्द त्या यादीत नाही. कलम २५ धर्म पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते, म्हणजे धर्मप्रचारकाचे बोलणेही या स्वातंत्र्यातच मोडते.

फौजदारी कायद्याची मुळे लाहोरमध्ये आहेत. तिथे प्रेषितांवर टीका करणाऱ्या एका पुस्तिकेचा प्रकाशक राजपाल १९२७ मध्ये उच्च न्यायालयातून सुटला, कारण तेव्हाच्या कायद्यात त्या कृत्याला बसेल असे कलमच नव्हते. त्याच वर्षी भारतीय दंडविधानात कलम २९५-अ आले. विधेयकावर विचार करणाऱ्या समितीत बॅरिस्टर जिना होते, आणि इतिहासाचा प्रामाणिक अभ्यास किंवा धर्माची सद्हेतूने केलेली चिकित्सा यात अडकू नये, अशी काळजी त्यांनी बोलून दाखवली होती. राजपालचा १९२९ मध्ये खून झाला. नवा कायदा येऊनही तो वाचला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात २९५-अ वैध ठरवले, पण त्याची कक्षाही आखून दिली : जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने केलेला अपमानच शिक्षेला पात्र. चुकून, निष्काळजीपणे, वाईट हेतूशिवाय निघालेला शब्द त्यात बसत नाही. महेंद्रसिंग धोनीला एका मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवल्याचा खटला २०१७ मध्ये याच कारणाने रद्द झाला. १ जुलै २०२४ पासून हे कलम भारतीय न्याय संहितेत २९९ झाले आहे, आणि गटागटांत वैर पेरण्याचे जुने १५३-अ आता १९६. दोन्ही कलमांखाली कोर्टाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. बातम्यांत आणि भाषणांत मात्र हेतूबद्दल कुणी विचारत नाही, ‘भावना दुखावल्या’ एवढेच ऐकू येते.

शब्द कुणाच्या कानाने ऐकायचा, याचे उत्तर नागपूर उच्च न्यायालयाने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच दिले होते : समंजस, कणखर आणि धीट माणसाच्या कानाने, दुबळ्या, चंचल मनाच्या कानाने नव्हे. ही कसोटी नंतर सर्वोच्च न्यायालयाने उचलली, आणि मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करतानाही तीच वापरली.

नाटकाची गोष्ट थोडी वेगळी. महाराष्ट्रात प्रयोगाआधीच संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. हुतात्मा स्मृती मंदिरात स्पर्धेचा प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींनाही ते चुकत नाही. संहिता लिहितानाच लेखक मनातल्या मनात एखादे वाक्य खोडतो, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही.

हुतात्म्यांचे शहर : १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ पुकारला गेला. झेंडा लावणे, गांधी टोपी घालणे, बातमी छापणे हाही गुन्हा झाला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली. चार नावे, आणि चौघे चार समाजांतले. तोंड दाबले जाणे म्हणजे काय, ते या शहराला ठाऊक आहे.

आजचे रूप : आता वाद बहुतेक मोबाईलच्या स्टेटसवरून सुरू होतो. कुणीतरी स्टेटस ठेवतो, दुसरा त्याचा स्क्रीनशॉट काढतो, तो दहा ग्रुपवर फिरतो, आणि तासाभरात पोलीस ठाण्यासमोर पन्नास जण जमतात. फिर्यादीचा मायना ठरलेला असतो : अमुक वेळी मी मोबाईल पाहत असताना मला तमुक मजकूर दिसला, त्यामुळे माझ्या व समाजाच्या धार्मिक भावना दुखावल्या, म्हणून माझी कायदेशीर फिर्याद आहे. स्टेटस ठेवणारा अनेकदा कोवळ्या वयाचा असतो. त्याचे वडील वस्तीतल्या चार वडीलधाऱ्यांना घेऊन येतात, शांतता समितीचे सदस्य येतात, साहेबांच्या टेबलाभोवती खुर्च्या ओढल्या जातात. पुष्कळदा प्रकरण तिथेच निवते, कारण या टेबलाशी बोलणारा आणि दुखावलेला पुन्हा समोरासमोर बसतात. बाहेरचा जमाव मात्र ते संभाषण ऐकत नसतो. त्याच्या हातात फक्त स्क्रीनशॉट असतो.

ऑनलाइन मजकुरासाठी वापरले जाणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तपासाची रीत ठरवणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १७३(३) अधिक उपयोगी पडू शकते. तीन वर्षे ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्यावरच्या तक्रारीत ही तरतूद वापरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रतापगढी निकालात सांगितले. सोलापुरात या चौकशीची सुरुवात मूळ मजकुरापासून व्हायला हवी : पूर्ण पोस्ट, तिच्या आधीचे आणि नंतरचे बोलणे, आणि मजकूर उर्दूत, कन्नडमध्ये किंवा तेलुगूत असेल तर ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडून करून घेतलेले भाषांतर.