काठ दबलेली वाटी आणि डिजिटल काटा

आमच्या घरात 'वाटी' म्हणजे निदान चार वेगळ्या वस्तू आहेत. आमटीची खोलगट वाटी, चटणीची चिमुकली वाटी, काठ दबलेली पण तांदूळ मोजायला तीच लागते अशी जुनी पितळी वाटी, आणि चौथी पाककृतींतली वाटी, जी आजवर कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. गेल्या आषाढी एकादशीला, केकसाठी आणलेला डिजिटल काटा मी ओट्यावर मांडला आणि त्या पितळी वाटीने डब्यांतला एकेक जिन्नस मोजत सुटले. आई खिचडीच्या तयारीत होती. "अगं, उपासाच्या दिवशी वजनं कसली करत बसलीस?"

वाटीत काठोकाठ पाणी भरलं तर १५० ग्रॅम. कुरमुरे जेमतेम १४. दाणे ९५, कोरडा साबुदाणा १२०, तेल १३८. या वजनांना पोषणतक्त्यांतल्या आकड्यांनी गुणलं आणि मीच जरा चमकले. वाटीभर कुरमुऱ्यांत साधारण ५० कॅलरी, साबुदाण्यात ४२०, दाण्यांत ५०० ते ५४०, आणि तेलात १२४० च्या आसपास. वाटी तीच, डोळ्यांना दिसणारं 'भरलेलं'पण तेच, आणि फरक पंचवीसपट.

गंमत म्हणजे १०० ग्रॅमचा हिशेब केला तर कुरमुरे आणि साबुदाणा जवळजवळ सारखेच आहेत, दोन्ही साडेतीनशेच्या घरात. कुरमुऱ्यांच्या वाटीत आपण मुख्यतः हवा खातो, एवढंच. काकडीत आणि कलिंगडात हवेऐवजी पाणी असतं. म्हणून १०० ग्रॅम काकडी वीसच्या आतबाहेर राहते आणि कलिंगडाच्या मोठ्या फोडीनेही फारसं काही बिघडत नाही. पदार्थ 'हलका' की 'जड' हे आपण जिभेवरून, नाहीतर जेवणानंतर येणाऱ्या झोपेवरून ठरवतो. कॅलरीचं गणित मात्र तीन गोष्टींवर चालतं: पाणी किती, हवा किती, आणि तेल-तूप किती.

हे गणित आलं कुठून, तेही मजेशीर आहे. अन्नावर लिहिलेली एक कॅलरी म्हणजे खरं तर एक किलोकॅलरी, म्हणजे एक किलो पाणी एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता. ती मोजायची मूळ पद्धत साधी आणि थोडी रांगडी आहे. पदार्थ वाळवायचा, जाड पोलादी भांड्यात ठेवायचा, आत दाबाने ऑक्सिजन भरायचा, भांडं पाण्यात बुडवायचं आणि विजेच्या ठिणगीने आतला पदार्थ जाळून टाकायचा. बाहेरचं पाणी किती तापलं ते बघायचं. या भांड्याला बॉम्ब कॅलरीमीटर म्हणतात.

पण माणसाचं पोट म्हणजे भट्टी नव्हे. खाल्लेलं सगळं पचत नाही, आणि प्रथिनांतली थोडी ऊर्जा युरियाच्या रूपाने लघवीवाटे निघून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने हा हिशेब चिकाटीने लावला. माणसांना मोजून खायला घालायचं, त्यांचं मलमूत्र गोळा करायचं, आणि तेही जाळून त्यात किती ऊर्जा उरली ते तपासायचं. त्या किळसवाण्या कामातून आलेले आकडे आजही जगभरच्या पाकिटांवर राज्य करतात: पिष्टमय पदार्थ ग्रॅमला ४, प्रथिनं ४, स्निग्ध पदार्थ ९. बिस्किटाच्या पुड्यावरचा आकडा बहुतेक वेळा कोणी बिस्किट जाळून काढलेला नसतो. तो या चार-नऊ-चारचा गुणाकार असतो.

आता आईच्या खिचडीकडे येते. दोघींसाठी एक वाटी साबुदाणा, अर्धी वाटी दाण्याचं कूट (४० ग्रॅम भरलं), दोन मोठे चमचे तूप, एक मध्यम बटाटा, चमचाभर साखर आणि वरून ओलं खोबरं. साबुदाणा ४२०, कूट २२०, तूप २५०, बटाटा ७५, साखर २०, खोबरं ५५. एकूण १०४०, म्हणजे एका ताटलीला ५२०.

तुलनेसाठी आमचं रोजचं दुपारचं जेवण मांडलं. तूप लावलेल्या दोन पोळ्या २६०, वरणाची वाटी १२०, चमचाभर तेलातली भाजी ९०, मूठभर भात १००. बेरीज ५७०. थोडक्यात, उपासाची एक ताटली म्हणजे एक पूर्ण जेवणच, फक्त त्यात डाळ नाही आणि पालाही नाही. प्रथिनं तर तिसऱ्या हिश्श्यावर येतात, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, जी काही प्रथिनं आहेत ती दाण्यांची. आणि उपास खिचडीवर थोडाच थांबतो? चार वाजता केळं आणि राजगिऱ्याचा लाडू, रात्री वरीचा भात आणि दाण्याची आमटी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांकडे काटा नव्हता, पण अंदाज चोख होता.

गाडीवरच्या वडापावचाही मी हिशेब केला. पाव, बटाटा, बेसन, वड्याने प्यायलेलं तेल आणि लसणाची सुकी चटणी मिळून तो तीनशेच्या आसपास जातो. वडापाव म्हणजे पौष्टिक आहार असं मी म्हणत नाही. पण वडापाव खाताना अपराधी वाटायचं आणि खिचडीची दुसरी वाढ घेताना पुण्य लागल्यासारखं वाटायचं, यातली गफलत उघड आहे.

साबुदाण्याला शिव्या घालण्यातही अर्थ नाही. आळंदीहून पंढरपूरला चालत जाणारा वारकरी जवळपास अडीचशे किलोमीटर चालतो. साधारण साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर चालायला ५० च्या आसपास कॅलरी लागतात. पंधरा-वीस किलोमीटरचा टप्पा म्हणजे खिचडीच्या दीड-दोन ताटल्या. त्याला ती ताटली बरोबर पुरते. प्रश्न माझा आहे, कारण माझी वारी बेडरूमपासून लॅपटॉपपर्यंतच असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला १६६० कॅलरी पुरतात, ६५ किलोच्या पुरुषाला २११०.

हे आकडे लक्षात ठेवून फरसाणाचं पाकीट उलटं करून बघा. आपल्याकडच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकिटावर १०० ग्रॅममागचे आकडे द्यावे लागतात, आणि एका 'सर्व्हिंग'मधून दिवसाच्या गरजेच्या किती टक्के मिळतं तेही. ती गरज सगळ्यांसाठी सरसकट २००० कॅलरी धरलेली असते. शेवेत वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त तेल असणं नवलाचं नाही. त्यामुळे १०० ग्रॅमला ५५०-५६० कॅलरी सहज होतात. सर्व्हिंग ३० ग्रॅमचं धरलं की आकडा होतो १६८, म्हणजे आठ-साडेआठ टक्के. वाचायला अगदी निरुपद्रवी. १६६० च्या हिशेबाने तेच १० टक्के होतं. आणि ३० ग्रॅम शेव म्हणजे किती, तर माझी एक मूठ. क्रिकेट बघताना चौघांत फिरणाऱ्या पाकिटात कोण किती मुठी घालतं याची नोंद कोणी ठेवत नाही. दोनशे ग्रॅमचं पाकीट एकट्याने संपवलं तर अकराशेच्या वर.

सर्व्हिंगच्या आकाराचा सगळ्यात नामी नमुना अमेरिकेतला आहे. तिथल्या नियमांत एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर लेबलवर शून्य लिहिता येतं. टिकटॅकची एक गोळी ०.४९ ग्रॅमची, आणि सर्व्हिंग म्हणजे एक गोळी. गोळी जवळजवळ सगळी साखरेचीच, पण लेबलवर साखर शून्य! तव्यावर मारायच्या तेलाच्या स्प्रेचंही तेच. सर्व्हिंग म्हणजे पाव सेकंदाचा फवारा, म्हणून कॅलरी शून्य. पाव सेकंदात तवा सोडा, त्यावरचा एक डोसाही भिजणार नाही. त्याच देशात २०१६ साली नियम बदलून आइस्क्रीमचं सर्व्हिंग अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कप केलं. कारण तिथला कायदा सांगतो की सर्व्हिंग लोक प्रत्यक्षात जेवढं खातात त्यावरून ठरवावं, जेवढं खायला हवं त्यावरून नव्हे. लेबलवरचं सर्व्हिंग म्हणजे डॉक्टरांचा सल्ला, असा आपला सर्रास समज असतो. तो तसा कधीच नव्हता.

लेबल असून ही गत, तर घरच्या स्वयंपाकाला लेबलच नसतं. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांचा १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. 'आम्ही बाराशे कॅलरीसुद्धा खात नाही, तरी वजन उतरत नाही' असं सांगणाऱ्या काही माणसांची त्यांनी तपासणी केली. त्यासाठी वापरलेली युक्ती सुंदर आहे. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी माणसाला प्यायला द्यायचं. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो. ऑक्सिजन पाण्यावाटे पडतो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक काढला की माणसाने किती कार्बन डायऑक्साइड सोडला, म्हणजे किती ऊर्जा खर्च केली, ते कळतं. त्याच्या वजनातला बदल धरला की त्याने खाल्लं किती तेही. निष्कर्ष असा निघाला की या मंडळींचं शरीर अगदी ठीक जळत होतं. ती सांगत होती त्यापेक्षा खाणं सरासरी जवळजवळ दुप्पट होतं.

खोटं बोलत होती म्हणावं, तर तसंही नाही. आपल्याला पोळ्या आठवतात, फोडणी आठवत नाही. चहा आठवतो, त्यातली साखर आठवत नाही. दोन चमचे साखर आणि थोडं म्हशीचं दूध घातलेला कप नव्वदला जातो; ऑफिसात असे चार झाले की साडेतीनशे, आणि दिवसाअखेर 'आज काही खाल्लंच नाही' म्हणायला आपण मोकळे.

तेलाचा पत्ता लावायचा एक उपाय मात्र काटा नसला तरी चालतो. महिन्याला किती तेल आणता? चौघांच्या घरात पाच लिटरचा कॅन तीस दिवसांत संपत असेल तर ते झालं सुमारे ४६०० ग्रॅम. भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस: माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे कॅलरी. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक ताटात दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी तेल-तूप धरलं आहे २७ ग्रॅम. आमच्याकडे मी हा भागाकार केला तेव्हा उत्तरात तूप धरलेलंच नव्हतं. धरल्यावर मी वही मिटली.

एवढं सगळं झाल्यावर, हे आकडे तरी किती खरे, हा प्रश्न उरतोच. चार-नऊ-चार हा ढोबळ नियम आहे आणि काही पदार्थ तो सरळ धुडकावतात. बदाम त्यांतला बदनाम. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी अ‍ॅटवॉटरच्याच पठडीत माणसांना बदाम खाऊ घालून पुन्हा मोजलं. २०१२ साली त्यांनी सांगितलं की २८ ग्रॅम बदामांतून शरीराला १७० नव्हे, १२९ च्या आसपास कॅलरी मिळतात. कारण बदामातलं तेल पेशींच्या चिवट भिंतींच्या आत कोंडलेलं असतं. आपण चावतो, पण सगळ्या भिंती फुटत नाहीत, आणि न फुटलेला माल तसाच पुढे जातो. त्याच गटाने २०१६ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. अख्खे कच्चे बदाम ग्रॅमला ४.४ कॅलरी, भाजलेले ४.९, भाजून तुकडे केलेले ५, आणि बारीक वाटून लोणी केलेले ६.५. पदार्थ तोच, जे काम दातांनी करायचं ते मिक्सरने केलं, एवढाच फरक.

शेंगदाण्यांचं असंच काहीसं १९८० सालीच दिसलं होतं. अख्खे दाणे खाणाऱ्यांच्या मलातून चरबी सर्वांत जास्त वाया गेली, दाण्यांचं लोणी खाणाऱ्यांच्या त्याहून कमी, दाण्याचं तेल खाणाऱ्यांच्या सर्वांत कमी.

हे मी आईला सांगत होते तोवर खिचडी वाफेला लागली होती. तिने झाकण काढलं, एक दाणा बोटांत चिमटून बघितला, आणि विचारलं, "मग माझी खिचडी पाचशे वीसची की नाही?"

"कूट भरड ठेवलंस तर थोडी कमी भरेल."

"भरड कुटाची खिचडी," आई म्हणाली, "तू तुझ्या घरी कर."