पार्श्वभूमी: ताट बदलल्यावर आलेला तराजू

१९३१ साली लंडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने एक अहवाल छापला. स्कॉटलंडचे आहारतज्ज्ञ जॉन बॉइड ऑर आणि केनिया वसाहतीचे आरोग्य संचालक जॉन गिल्क्स यांनी शेजारी राहणाऱ्या दोन जमातींची त्यात तुलना केली होती. मासाई गुरं राखणारे, दूध, मांस आणि रक्तावर जगणारे. किकुयू शेतकरी, धान्य, कंद आणि कडधान्यं खाणारे. मासाई पुरुष सरासरी ५ इंचांनी उंच, २३ पौंडांनी वजनदार आणि स्नायूंच्या ताकदीत ५० टक्क्यांनी सरस निघाला. पूर्व आफ्रिकेतल्या खेड्यांच्या आहाराची चर्चा आजही फिरून या आकड्यांपाशी येते. आकड्यांशी माझं भांडण नाही, पण त्यांवर लागलेलं ‘पारंपरिक आहार’ हे लेबल पटत नाही. तराजू पोचला तेव्हा ताट बदलून एक पिढी उलटली होती.

आधीचं ताट मराठी वाचकाला परकं वाटणार नाही. नाचणी मुळात तिकडचीच, इथिओपिया ते युगांडा या डोंगरपट्ट्यातली. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. स्वाहिलीत तिला विम्बी म्हणतात, ज्वारीला म्तामा. या धान्यांची पेज, बरेचदा आंबवलेली, म्हणजे उजी. आपल्या आंबिलीची बहीणच. जोडीला रताळी, अळकुड्या, केळी, चवळी, रानातला पाला. किकुयू घरांत मान होता न्जाहीला. हा काळ्या दाण्याचा वाल बाळंतिणीला मुद्दाम खाऊ घालत. मासाईसुद्धा नुसत्या दुधावर जगत नव्हते. मांसाच्या रश्श्यात ते बाभळीची साल उकळत, आणि दोन्हीकडच्या बायका दूध, कातडी आणि धान्य यांची अदलाबदल करत. पुरुषांच्या लढाया चालू असतानाही ही देवघेव थांबत नसे.

मग १८९० च्या आसपास बुळकांडी, म्हणजे गुरांचा जीवघेणा साथरोग, आली. १८८० च्या दशकाच्या शेवटी इरिट्रियातल्या मासावा बंदरात इटालियन फौजेसाठी गुरं उतरली, त्यांच्यासोबत हा रोग आफ्रिकेत शिरला असं मानतात. ती गुरं भारतातून आल्याचंही सांगितलं जातं. अंदाज असा की मासाईंची दहातली नऊ गुरं मेली. पाठोपाठ देवीची साथ. मासाई त्या काळाला एमुताई म्हणतात, म्हणजे समूळ नाश. किकुयू मुलखात १८९८ ते १९०० चा दुष्काळ पडला, त्याचं नाव न्गारागु या रुराया, ‘युरोपचा दुष्काळ’. यातलं रुराया स्वाहिलीतल्या उलायावरून आलं, आणि उलाया व आपली विलायत एकाच अरबी शब्दाच्या लेकी. दुष्काळाला विलायतेचं नाव देणाऱ्या माणसांना कार्यकारणभाव चांगला कळत होता.

पुढच्या तीस वर्षांत जमीन गेली. मासाईंना १९०४ आणि १९११ च्या करारांनी चांगल्या कुरणांवरून हलवलं. किकुयूंच्या शेतीचा आणि चराईचा मोठा तुकडा गोऱ्या मळेवाल्यांकडे गेला, आणि १९२६ मध्ये उरलेल्या राखीव मुलखाच्या हद्दी राजपत्रात छापून पक्क्या झाल्या. मळ्यांवरच्या मजुराला शिधा मिळे तो पोशो, म्हणजे मक्याचं पीठ, दिवसाला साधारण २ पौंड. हिशेब करून पाहा: जवळपास ३,२०० कॅलरी. कागदावर माणूस पोटभर जेवलेला. पण त्यात पाला नाही, कडधान्य असलं तर थोडंसं, दूध नाहीच. पहिल्या महायुद्धात ओझी वाहायला धरून नेलेल्या हजारो हमालांना याच पिठाचा शिधा मिळाला. ते नीट शिजवायला ना वेळ होता ना भांडी. हगवणीने माणसं पटापट मेली.

मका किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या काळापासून होता, पण तो मुख्य अन्न झाला विसाव्या शतकात. मळेवाल्यांनी दक्षिण आफ्रिकेतून ‘हिकरी किंग’ हा पांढऱ्या मक्याचा वाण आणला, शहरांत आणि मळ्यांवर त्याला गिऱ्हाईक मिळालं, १९६४ मध्ये केनियातल्या किताले गावच्या संशोधकांचं संकरित बियाणं आलं. एक कारण अगदी घरगुती आहे. नाचणी-ज्वारीवर पाखरं बसतात, आणि ती हाकायचं काम पोरांचं. पोरं शाळेत जाऊ लागली. मक्याचं कणीस सालांत गुंडाळलेलं, त्याला राखणीची तेवढी गरज नाही.

तेव्हा ऑर आणि गिल्क्स यांनी मोजला तो जमीन आणि चराई गमावलेला किकुयू. किकुयू बायका पुरुषांपेक्षा जास्त पाला खातात, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तरी गाजली ती पुरुषांची उंची. उपाय म्हणून दूध आणि खनिजं सुचवली गेली. गुरं चारायची कुठे, हा प्रश्न बाजूला राहिला. ऑर पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे पहिले महासंचालक झाले आणि १९४९ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

याच संघटनेने १९५७ मध्ये एक ‘संदर्भ पुरुष’ ठरवला: वय २५, वजन ६५ किलो, रोजची गरज ३,२०० कॅलरी. तेव्हा तिथल्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे. एकाच माणसाची गरज दिवसागणिक हलते, सरासरीची रेघ मारून त्याखालच्या सगळ्यांना उपाशी ठरवता येत नाही, असं त्यांनी पुढे मांडलं आणि पुण्यात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी त्यांचा वाद रंगला. वाद भारताच्या आकड्यांवरचा, पण पूर्व आफ्रिकेतल्या खेड्यांनाही तो लागू पडतो: पीक निघाल्यावर मोजलं तर एक आकडा, पेरणीच्या तोंडावर दुसरा.

माउंट केनियाच्या पायथ्याशी एम्बूत १९८४ च्या दुष्काळात संशोधक नेमके मुक्कामी होते. घरांनी तान्ह्यांचा घास शक्यतो राखला. शाळकरी पोरांचा कमी झाला, आणि ती वर्गात लक्ष देईनाशी, मैदानात पळेनाशी झाली. त्याच भागात १९९८ ते २००० मध्ये १२ शाळांत मधल्या वेळी गिथेरी, म्हणजे मका-घेवड्याची उसळ, वाटली गेली. काही शाळांत तिच्यात मांस, काहींत जोडीला दूध, काहींत फक्त जास्तीचं तेल. कॅलरी तिन्हींत जवळपास सारख्याच. काही शाळांना काहीच नाही. तर्काच्या चाचणीत मांसवाली मुलं सर्वांत पुढे गेली. तेलवाली गेली नाहीत.