सेवा क्लब (कोकण)

आपापला धंदा, नोकरी वा वकिली-डॉक्टरकी सांभाळून गावाच्या उपयोगाची कामे वर्गणीतून आणि अंगमेहनतीने करणाऱ्या सभासदांची नोंदणीकृत संस्था. कोकणात ही संज्ञा प्रामुख्याने रोटरी, लायन्स व जेसीज (तरुणांची संघटना) या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या गावोगावच्या क्लबांना लावली जाते. अलिबाग, महाड, खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी अशा बाजारपेठेच्या व तालुक्याच्या गावांत हे क्लब रुजले. गणेशोत्सव मंडळे, क्रीडा मंडळे, ज्ञातिसंस्था व देवस्थान समित्याही लोकोपयोगी कामे करतात, पण त्यांचा समावेश या संज्ञेत होत नाही. व्यवहारात मात्र माणसे बहुधा तीच असतात.

उगम : सेवा क्लब ही कल्पना कोकणात बाहेरून आली की इथल्याच जुन्या रीतीला नवे नाव मिळाले, याबद्दल मतभेद आहेत. बाहेरून आली असे मानणाऱ्यांच्या बाजूने सनावळी स्पष्ट आहे. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे रोटरीची पहिली सभा घेतली. सभा सभासदांच्या कचेऱ्यांतून आळीपाळीने भरत, त्यावरून हे नाव पडले. भारतात रोटरी १९१९-२० मध्ये कलकत्त्यात व १९२९ मध्ये मुंबईत आली. लायन्स संघटना मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये अमेरिकेत उभी राहिली. तिचा भारतातील पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत निघाला. मुंबईहून ही कल्पना साधारणतः १९६० नंतरच्या दशकांत कोकणातील तालुक्याच्या गावांत उतरली, असे या मताचे लोक मानतात. क्लबाची रचना पाहता हे म्हणणे खोडता येत नाही. सनद, पदाधिकाऱ्यांची नावे, सभेची घंटा, प्रांतपालांची (क्लबांच्या विभागाच्या प्रमुखाची) वार्षिक भेट आणि रोटरी-लायन्सचे १ जुलै ते ३० जून हे वर्ष, सारे बाहेरचेच आहे.

दुसरे मत कोकणातील एकोणिसाव्या शतकातील सार्वजनिक संस्थांकडे बोट दाखवते. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे मानले जाते. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, तर चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. वर्गणीदार सभासद, निवडलेले कार्यकारी मंडळ, वार्षिक सभेपुढे ठेवलेला जमाखर्च ही सारी पद्धत रोटरीच्या जन्माआधी कितीतरी वर्षे या वाचनालयांनी कोकणी माणसाच्या अंगवळणी पाडली होती. याच अंगाने गोपाळ कृष्ण गोखले (जन्म कोतळूक, तालुका गुहागर) यांच्या भारत सेवक समाजाचाही दाखला देतात. त्याची स्थापना १२ जून १९०५ ची, म्हणजे शिकागोतील त्या सभेनंतर चार महिन्यांच्या आतली. मात्र हे साम्य वर्षापुरतेच आहे. गोखल्यांना आयुष्य वाहून घेणारे सेवक हवे होते; रोटरीने धंदा करणाऱ्या माणसाकडून आठवड्याचा एखादा तास मागितला. सोशल सर्व्हिस लीग (मुंबई, १९११) स्थापणारे ना. म. जोशी हे कुलाबा जिल्ह्यातील (आताचा रायगड) गोरेगावचे. त्यांच्या कामाची जात सेवा क्लबाच्या जास्त जवळची दिसते, पण ते काम मुंबईच्या कामगारवस्तीत झाले.

तिसरा धागा गावासाठी दिल्या जाणाऱ्या वर्गणीचा आहे, आणि कोकणाचा विचार करता तोच अधिक पटतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८८६ च्या सुमारास आपल्या मुरूड (तालुका दापोली) गावासाठी ‘मुरूड फंड’ सुरू केला. बाहेरगावी नोकरी-धंदा करणाऱ्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतला काही अंश गावाच्या कामासाठी बाजूला काढावा, ही त्यामागची कल्पना. मुंबईतील गिरण्या-गोद्यांमध्ये पोटासाठी गेलेल्या चाकरमान्यांनी पुढे हीच रीत मोठ्या प्रमाणावर चालवली. चाळीत गावाच्या नावाची खोली, तिथे राहणाऱ्यांचे ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’, महिन्याची वर्गणी आणि त्या पैशातून गावी शाळेची खोली, वहाळावरचा साकव (लहान पूल), विहिरीचा कठडा, देवळाचे छप्पर. सेवा क्लबाला कोकणात देणगी मागताना फारसे समजावून सांगावे लागले नाही, याचे कारण या सवयीत आहे. आजही क्लबाच्या पावतीपुस्तकात मुंबईकरांची नावे लक्षणीय असतात. रचना परकी, पण देण्याची वृत्ती आणि पैसा येण्याची वाट इथली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

रचना : नव्या क्लबाच्या सनदेसाठी सामान्यतः किमान २० सभासद लागतात. रोटरीचे मूळ तत्त्व व्यवसायवार सभासदत्वाचे, म्हणजे प्रत्येक व्यवसायाचा एकेक प्रतिनिधी. हे बंधन पुढे सैल होत गेले. मोठ्या शहरात जे तत्त्व सहज निभते ते लहान गावात अडचणीचे ठरते. गावात डॉक्टर चार, वकील पाच, मग दुकानदार, ठेकेदार, आंबा बागायतदार, शिक्षक आणि बदलीवर आलेले बँक अधिकारी, एवढ्यांतूनच क्लब उभा राहतो. बँक अधिकारी बहुधा हिशेबाला पक्का असल्याने खजिनदार होतो आणि त्याची बदली झाली की क्लबाचे दप्तर अडते. रोटरीची सभा पूर्वी दर आठवड्याला बंधनकारक होती. २०१६ पासून महिन्यातून किमान दोन सभांची मुभा मिळाली, तिचा फायदा पावसाळ्यात घाटवाटा आणि खाड्यांनी तुटणाऱ्या गावांतील क्लबांना झाला. स्त्रियांना लायन्सने १९८७ मध्ये व रोटरीने १९८९ मध्ये सभासदत्व खुले केले. त्याआधीपासून रोटरी सभासदांच्या घरातील स्त्रियांसाठी इनर व्हील (स्थापना १९२४, मँचेस्टर) होतेच.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट नेहमी गोंधळात टाकते. क्लब आणि क्लबाचा न्यास या दोन वेगळ्या बाबी आहेत. क्लब सभासदांचा असतो. त्याची वर्गणी सभा, वरच्या संघटनेला द्यायचा वर्गणीचा हिस्सा, पदग्रहण समारंभ यांवर खर्च होते. लोकांकडून आलेली देणगी मात्र त्यात मिसळता कामा नये. म्हणून अनेक क्लब संस्था नोंदणी अधिनियम, १८६० व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली वेगळी संस्था नोंदवतात. रुग्णवाहिका, जागा किंवा दवाखान्याचे साहित्य यांची मालकी तिच्याकडे राहते, हिशेब दरवर्षी धर्मादाय कार्यालयात जातात, आणि प्राप्तिकर कायद्याखाली देणगीसाठीची मान्यता (१९६१ च्या अधिनियमात कलम ८०-जी) असल्यास देणगीदाराला करसवलत मिळते. अध्यक्ष दरवर्षी बदलतो, विश्वस्त टिकून राहतात. ज्या गावांत ही दुहेरी रचना नीट बसली, तिथे दवाखान्यासारखी कायमची कामे उभी राहू शकली. जिथे बसली नाही तिथे काम त्या त्या वर्षाच्या अध्यक्षाबरोबर आले आणि गेले.

सेवाकार्य : जुलैमध्ये सुरू होणारे वर्ष कोकणात ऐन मुसळधार पावसात उजाडते. त्यामुळे नव्या अध्यक्षाची पहिली कामे ठरलेली : वह्या-छत्र्यांचे वाटप आणि वृक्षारोपण. वार्षिक सरासरी ३,००० मिमी.च्या घरात पाऊस पडूनही जांभ्याच्या सच्छिद्र खडकातून पाणी झिरपून जाते आणि मार्च-एप्रिलपासून वाड्यांवर टंचाई येते. म्हणून पाऊस सरल्यावर वहाळ-ओढ्यांत सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालणे हे श्रमदानाचे काम क्लब, शाळा व ग्रामस्थ मिळून करतात. बंधारा एका हंगामापुरता असतो, पुढच्या पावसात वाहून जातो, तरी त्याच्या वरच्या अंगाच्या विहिरींना महिनाभर जास्त पाणी टिकले तर बायकांच्या डोक्यावरचे हंडे तेवढे कमी होतात. आठवड्याची एखादी सकाळ चिखलात घालवण्याचे हे फळ कमी नव्हे.

नेत्रशिबिरे ही या क्लबांची जुनी ओळख. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सना अंधत्वाविरुद्ध काम करण्याचे आवाहन केले तेव्हापासून ते त्या संघटनेचे मुख्य कार्य झाले. कोकणात शिबिरे प्रामुख्याने हिवाळ्यात होत, कारण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थंडीतच करावी ही समजूत पक्की होती. पूर्वी शाळेच्या वर्गांत खाटा मांडून शस्त्रक्रिया होत आणि रुग्ण जाड भिंगांचा चष्मा घेऊन घरी जाई. जंतुसंसर्गाचा धोका ओळखून पुढे तपासणी गावात व शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयात अशी पद्धत आली, डोळ्यात कृत्रिम भिंग बसू लागले आणि हिवाळ्याचे बंधनही उरले नाही. मग क्लबाचे काम बदलले : वाडीवरून म्हाताऱ्या माणसाला आणणे, घाटापलीकडच्या रुग्णालयात नेणे, परत पोचवणे. खरी अडचण वाहनाची आणि सोबतीची असते, हे ओळखणारे क्लब इथे जास्त उपयोगी पडले.

पल्स पोलिओ मोहिमेत रोटरीचे सभासद बूथवर बसले. १९८५ मध्ये या संघटनेने पोलिओनिर्मूलन हाती घेतले. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. रक्तदान व जयपूर फूट शिबिरेही नियमाने होतात.

आपत्तीत मात्र क्लब, मंडळ आणि गावकी हा भेद पुसला जातो. २५-२६ जुलै २००५ चा महाड-चिपळूणचा पूर आणि दासगाव-जुई येथील दरडी, ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर व त्याच दिवशीची तळिये येथील दरड या प्रत्येक वेळी बाहेरगावच्या क्लबांनी पाठवलेले पाणी, चादरी, धान्य उतरवून घेणारी, कुठल्या घरात काय पोचले याची वही ठेवणारी माणसे स्थानिक क्लबांची होती. त्यांतल्या अनेकांच्या स्वतःच्या दुकानांत चिखल होता.

अलीकडील काम : तरुण मुले मुंबई-पुण्याला गेल्याने वाड्यांवर वृद्धांची संख्या वाढली आहे. त्यातून रुग्णोपयोगी साहित्य केंद्र हे काम अनेक गावांत पुढे आले. वरखाली होणारी खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची, प्राणवायू देणारे यंत्र या वस्तू अनामत रक्कम घेऊन नाममात्र भाड्याने किंवा मोफत दिल्या जातात. करोनाच्या काळात प्राणवायू यंत्रांना विशेष मागणी होती. साहित्य परत आले की धुऊन-पुसून नोंदवहीत परतीची तारीख लिहितात आणि प्रतीक्षेत असलेल्या घरी फोन लावतात.