तरुणपणातला फिटनेस आणि पुढचं हृदयारोग्य

साधारण १८ ते ३० या वयात माणसाचा दमसास किती, यावरून पन्नाशी-साठीत त्याच्या हृदयाचं काय होईल याचा अंदाज लागतो का, असा हा विषय. फिटनेस म्हणजे इथे कमावलेलं शरीर नाही, जोराचा व्यायाम चालू असताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ती क्षमता, आणि ती ट्रेडमिलवर किंवा सायकलवर मोजतात.

सुरुवात बहुतेक जण ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांच्या १९५३ च्या लंडनमधल्या अभ्यासापासून धरतात. डबलडेकरच्या जिन्यावर दिवसभर वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. पण १९५६ मध्ये मॉरिस यांच्याच गटाने युनिफॉर्मची मापं तपासली तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या, म्हणजे फरक कामामुळे पडला की मुळात माणसंच वेगळी होती हा प्रश्न तेव्हापासून आहे आणि अजून पूर्ण सुटलेला नाही.

थेट तरुण वयापासून पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास म्हणजे अमेरिकेतला कार्डिया. १९८५-८६ मध्ये बर्मिंगहॅम, शिकागो, मिनियापोलिस आणि ओकलंड इथली १८ ते ३० वयाची ५,११५ कृष्णवर्णीय आणि गोरी माणसं त्यात घेतली. ट्रेडमिलचा चढ आणि वेग दर २ मिनिटांनी वाढवत जास्तीत जास्त १८ मिनिटं चालवायचं, आणि माणूस किती वेळ टिकला ते लिहून ठेवायचं. सुमारे २७ वर्षांनंतर दिसलं की जास्त टिकलेल्या प्रत्येक मिनिटामागे मृत्यूचा धोका सुमारे १५ टक्के आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचा १२ टक्के कमी. फिट लोकांच्या डाव्या जवनिकेचं, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याचं, वस्तुमान कमी आणि आकुंचन चांगलं होतं, मात्र हृदयाच्या धमन्यांतल्या कॅल्शियमशी, म्हणजे धमन्या चोंदत असल्याच्या खुणेशी, फिटनेसचा संबंध लागला नाही. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण मग फायदा फक्त धमन्या साफ राहण्यातून येतो असं म्हणता येत नाही, तो स्नायूतून, रक्तदाबातून, हृदयाच्या लयीतून येत असावा.

स्वीडनमधले आकडे याहून कितीतरी मोठे. तिथे लष्करभरतीच्या वेळी १८ वर्षांच्या मुलांची सायकल चाचणी व्हायची, आणि १९६९ ते १९८४ मधल्या ७ लाख ४३ हजारांहून जास्त मुलांमध्ये सगळ्यात कमी फिट पाचव्या हिश्श्याला पुढे हार्ट अटॅकचा धोका सगळ्यात फिट हिश्श्याच्या दुप्पट निघाला. पण नंतर याच भरतीच्या सुमारे ११ लाख नोंदी तपासल्यावर फिट मुलांत अपघाती मृत्यूही बरेच कमी दिसले, आणि दम चांगला म्हणून कोणी अपघातातून वाचतं असं कारण काही पटत नाही, त्यामुळे घरची परिस्थिती, स्वभाव, जन्मजात देणगी हे सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असणार. एकाच घरातल्या माणसांची तुलना करणाऱ्या हेरिटेज कुटुंब अभ्यासातही दमसासातला जवळपास निम्मा फरक घराण्याकडे गेला. प्रस्तुत नोंदीचा कल असा की संबंध खरा आहे, त्याचा आकार मात्र फुगलेला असावा.

दुसरा वाद तरुणपणीच्या फिटनेसचा फायदा पुढे आपोआप टिकतो का याचा. अमेरिकी संशोधक राल्फ पॅफेनबार्गर यांच्या हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात कॉलेजात खेळाडू असलेल्या पण पुढे व्यायाम सोडलेल्यांना संरक्षण मिळालं नाही, तर तेव्हा न खेळलेल्या पण नंतर हालचाल वाढवलेल्यांना मिळालं. कार्डियातही पहिल्या ७ वर्षांत ज्यांचा ट्रेडमिलवर टिकण्याचा वेळ घटला त्यांचा धोका वाढला. १९६६ मध्ये डॅलसला विशीतल्या ५ निरोगी तरुणांना ३ आठवडे अंथरुणावर ठेवलं तर त्यांची क्षमता एक चौथाईहून जास्त घसरली, आणि ३० वर्षांनी पुन्हा मोजल्यावर कळलं की तेवढी घसरण ३० वर्षांच्या वयानेही झाली नव्हती!

स्वीडनच्या त्या भरतीत मुलगेच होते, म्हणून बायकांसाठी आधार मुख्यतः कार्डियाचा.

दक्षिण आशियात पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र ५८-५९ व्या, असं अनेक देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात आढळलं, म्हणजे आपल्याकडे हाताशी वर्षंच कमी. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या ग्राउंडवर मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, त्यासाठी गावोगावची पोरं पहाटे रस्त्यावर पळतात, आणि भरती होवो न होवो, ज्यांचं पळणं तिथेच थांबतं त्यांना हार्वर्डच्या त्या जुन्या खेळाडूंचा निष्कर्ष तसाच लागू पडावा.