रत्नागिरी जिल्ह्यातील लिंगगुणोत्तर

दर हजार पुरुषांमागे असलेल्या स्त्रियांच्या संख्येला लिंगगुणोत्तर म्हणतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. तीत ७,६१,१२१ पुरुष व ८,५३,९४८ स्त्रिया होत्या, म्हणजे लिंगगुणोत्तर ११२२ भरले. राज्याचे गुणोत्तर तेव्हा ९२९ होते, आणि हजाराचा टप्पा ओलांडणारे जिल्हे महाराष्ट्रात दोनच होते : रत्नागिरी व सिंधुदुर्ग (१०३६). त्यामुळे कोकणात स्त्रियांची स्थिती चांगली असल्याचा पुरावा म्हणून हा आकडा पुष्कळदा सांगितला जातो. तो तसा पुरावा नाही.

जिल्ह्यात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा ९२ हजारांहून अधिक भरते, याचे मुख्य कारण कामाच्या वयातले पुरुष गावात नसणे हे आहे. मुंबईतील कापडगिरण्या, गोदी आणि पुढे कार्यालये यांत नोकरीसाठी येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जात आले. घर, शेत, गुरे आणि म्हातारे सासूसासरे बायकांच्या हवाली राहिले. जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणी मोजते, म्हणून चाकरमानी मुंबईच्या खात्यात जमा होतो. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. शिमग्याला माणसे घरी आली ती त्यानंतर, मार्चमध्ये. याची दुसरी बाजू मुंबईत दिसते. त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याचे गुणोत्तर अवघे ८३२ होते. एकाच कुटुंबाची दोन टोके दोन जिल्ह्यांत मोजली गेली, एवढाच या दोन आकड्यांतल्या तफावतीच्या मोठ्या भागाचा अर्थ आहे.

रत्नागिरीचे गुणोत्तर १९९१ मध्ये १२०५, २००१ मध्ये ११३६ आणि २०११ मध्ये ११२२ असे उतरत गेले. या उतारावरून येथे स्त्रियांची स्थिती बिघडली असेही म्हणता येत नाही. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची एकूण लोकसंख्याच १६,९६,७७७ वरून घटली. पूर्वी एकटा पुरुष जाई, आता बायकामुलांसह बिऱ्हाडच विरार, दिवा, डोंबिवलीकडे हलते, आणि गावात बंद घरे उरतात.

स्थलांतराची ही सावली सहसा सहा वर्षांपर्यंतच्या मुलांवर तितकी पडत नाही, म्हणून समानता तपासायची तर आधी त्यांचे गुणोत्तर पाहावे. रत्नागिरीत ते २००१ मध्ये ९५२ होते, २०११ मध्ये ९३६ झाले. राज्याच्या ८९४ पेक्षा, आणि त्याच वेळी ८०७ पर्यंत कोसळलेल्या बीडपेक्षा, ही स्थिती पुष्कळच बरी आहे; मात्र ज्या जिल्ह्यात मोठ्या वयाच्या स्त्रिया पुरुषांपेक्षा इतक्या अधिक दिसतात, तेथेही मुलींचे प्रमाण दहा वर्षांत घटले, ही बाब ११२२ या आकड्याच्या आड पूर्ण झाकली जाते आणि म्हणूनच ती अधिक काळजीची वाटते.

साक्षरतेचे आकडेही सावध करणारे आहेत. २०११ मध्ये सात वर्षे व त्यावरील वयाचे सुमारे ९१ टक्के पुरुष साक्षर होते, तर स्त्रिया सुमारे ७५ टक्के. हे १६ टक्क्यांचे अंतर प्रामुख्याने जुन्या पिढीतले, म्हणजे ज्यांच्या जिवावर गावे टिकली त्याच बायकांचे असणार.

कामाच्या नोंदीत तर त्यांचे श्रम आणखी आक्रसतात. वर्षात सहा महिने किंवा अधिक काळ काम करणाऱ्यालाच जनगणना ‘मुख्य कामगार’ मानते, त्याहून कमी काळ करणारा ‘सीमांतिक’ ठरतो. कोकणातली भातशेती पावसाच्या चार महिन्यांची. तरवा काढणे, लावणी, बेणणी, कापणी ही कामे मुख्यतः बायका करतात, परंतु तेवढ्या कामावर त्या सहा महिन्यांची अट पुरी करू शकत नाहीत. पाणी भरणे, सरपण आणणे, आजारी माणसांची सेवा ही घरची कामे आर्थिक काम म्हणून मोजलीच जात नाहीत. परिणामी नवरा मुंबईत असताना वर्षभर एकहाती घर चालवणारी बाई कागदावर सीमांतिक कामगार किंवा ‘काम न करणारी’ म्हणून उमटते.

२०२१ ची जनगणना लांबणीवर पडली असून पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे.