झाकणाखालचे चार तास

डबा सकाळी कितीही निगुतीने भरा, मूल खातं तो दुपारचा डबा. मधल्या चार तासांत झाकणाखाली बरंच काही घडतं, आणि अर्धा डबा परत आला की खापर फुटतं मुलाच्या नखऱ्यांवर.

आधी वाफ. गरम अन्नावर लगेच झाकण लावलं की वाफ झाकणाला चिकटते, तिचं पाणी होतं आणि ते खाली ठिबकतं. शिवाय ओल्या पदार्थातलं पाणी शेजारच्या कोरड्या पदार्थात झिरपत राहतं. कुरकुरीत दाणे दुपारपर्यंत चिवट होतात ते यामुळे. त्यामुळे कप्प्यांच्या डब्याला मी तरी चोचले म्हणणार नाही.

मग चव. गोड आणि कडू चव ओळखणाऱ्या जिभेवरच्या पेशींत एक प्रथिन असतं, टीआरपीएम-५ नावाचं. अन्न थंड असलं की ते मंदावतं. थंड अन्नातून वासाचे रेणूही कमी उडतात. म्हणून सकाळी गरमागरम चाखलेली भाजी दुपारी मिळमिळीत लागते. यावर मीठ-साखर वाढवणं हा सोपा पण वाईट उपाय. आंबट चव या प्रथिनावर अवलंबून नसते, त्यामुळे लिंबू पिळलेला पदार्थ थंड झाला तरी तोंडाला चव आणतो.

लिंबाचं काम इथेच संपत नाही. सफरचंद कापलं की त्यातल्या एका एन्झाइमची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि फोडी काळवंडतात. लिंबातलं आम्ल आणि क जीवनसत्त्व ही क्रिया रोखून धरतात. लोहाची गोष्ट त्याहून महत्त्वाची. कडधान्यं आणि पालेभाज्यांतलं लोह शरीर सहजासहजी शोषून घेत नाही. क जीवनसत्त्व सोबत असेल तर ते बरंच जास्त शोषलं जातं, पण सोबत म्हणजे त्याच जेवणात. दुपारच्या उसळीला संध्याकाळचं संत्रं उपयोगी पडत नाही.

आता जिवाणू. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात ते झपाट्याने वाढतात. परिस्थिती अनुकूल असेल तर काही जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने चार तासांत एकाचे ४,०९६. भातात आढळणाऱ्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त रूपं, तर शिजवल्यावरही टिकतात. भात, अंडी, मांस द्यायचं असेल तर उकळत्या पाण्याने आधी तापवलेल्या थर्मासमध्ये कढत, नाहीतर बर्फाच्या पॅकसोबत गार. कोमट डबा सगळ्यांत वाईट.

वैविध्याचं गणित थोडं वेगळं आहे. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात मुलं अनोळखी पदार्थाला बिचकतात. लिअ‍ॅन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत दिसलं की तोच पदार्थ पुन्हापुन्हा चाखायला मिळाला की तो आवडू लागतो. कधी दहा-पंधरा वेळा चाखवावा लागतो. मात्र पहिली ओळख घरीच व्हावी. मधल्या सुट्टीच्या गोंगाटात कोण नवं चाखणार? नंतर डब्यात, आवडीच्या पदार्थाशेजारी त्याचा एखादा घास. एकच पदार्थ खात गेलं की त्याची गोडी त्याच जेवणात कमी होत जाते, वेगळ्या चवीच्या पदार्थाची मात्र टिकते. त्यामुळे एका मोठ्या ढिगापेक्षा तीन छोटे कप्पे लवकर रिकामे होतात.

तरीही डबा परत आला, तर काय उरलंय ते बघा. अख्खं संत्रं उरलं असेल तर बहुधा ते सोलता आलं नसेल. कच्चं गाजर उरलं असेल तर चावायला वेळ पुरला नसेल. उद्या त्याच्या पातळ काड्या करून द्या.