गुलमोहर आणि नीलमोहर: रोपे सारखी, बिया निराळ्या

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांमध्ये वीतभर उंचीची गुलमोहराची आणि नीलमोहराची, म्हणजे जॅकरांडाची, रोपे शेजारीशेजारी ठेवलेली असली, तर पिसासारख्या पानांमुळे घेणाऱ्याची हमखास फसगत होते. प्रत्यक्षात त्यांचे कूळही एक नाही. मादागास्करचा गुलमोहर शेंगावर्गातला आहे, तर दक्षिण अमेरिकेतून आलेला नीलमोहर आपल्या पाडळ आणि टेटू या झाडांच्या कुळातला आहे. हा फरक सर्वांत ठळकपणे दिसतो तो बियांत, आणि रोपे तयार करणाऱ्याने खरे लक्ष द्यायचे तेही तिथेच.

गुलमोहराची दीड-दोन फुटी, लाकडासारखी टणक शेंग महिनोन्‌महिने झाडावर लोंबत राहते, त्यामुळे बी गोळा करण्याची घाई नसते. पण त्या लांबट बीचे कवच इतके कठीण असते की पाणी आत शिरत नाही आणि तशीच पेरलेली बी दीर्घकाळ मातीत निपचित पडून राहते. म्हणून पाणी उकळून आचेवरून उतरवावे, त्यात बिया टाकाव्यात आणि दिवसभर तशाच राहू द्याव्यात. फुगलेल्या पेराव्यात, न फुगलेल्यांवर पुन्हा हाच उपचार करावा. दहा-वीसच बिया असतील तर नाळेची, म्हणजे बी शेंगेला जोडलेली असते ती, बाजू सोडून दुसऱ्या टोकाचे कवच कानशीने किंचित घासणे मला अधिक खात्रीचे वाटते, कारण त्यात आतल्या अंकुराला उष्णता लागत नाही. अशी बी साधारण सेंटीमीटरभर खोल पेरली की बहुधा आठ-दहा दिवसांत उगवते.

नीलमोहराचे फळ चपटे, गोलसर असते आणि ते झाडावरच उकलून आतल्या कागदासारख्या पातळ, पंखयुक्त बिया वाऱ्यावर उडून जातात. त्यामुळे ते तपकिरी झाल्यावर, पण उकलण्याआधी काढावे लागते. या बियांना उकळत्या पाण्याचा उपचार कदापि करू नये. त्या भुसभुशीत, निचऱ्याच्या मिश्रणावर पसरून वर चाळलेल्या मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि झारीने हलके पाणी द्यावे, कारण ओल साचली तर नाजूक कोंब बुडाशी कुजून कोलमडतात. उगवण दोन-तीन आठवड्यांत होते.

रोप विकत घेताना पाने खोडावर कशी बसली आहेत ते पाहावे: नीलमोहराची पाने समोरासमोर जोडीने येतात, गुलमोहराची एकाआड एक. शिवाय नीलमोहराच्या पर्णिका, म्हणजे पानावरची बारीक पाने, टोकदार असून शेवटची एकटी पर्णिका इतरांपेक्षा लांब असते. गुलमोहराच्या पर्णिका टोकाशी गोलसर असतात.

दोन्ही रोपांची मुळे पिशवीत गुंडाळू लागण्याआधी ती मोठ्या पिशवीत हलवावीत आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत लावावीत. गुलमोहराची मुळे उथळ पसरतात आणि फांद्या वादळात मोडतात, म्हणून सोसायटीच्या भिंतीलगत किंवा वाहने उभी करण्याच्या जागेत तो लावू नये.